तंबोऱ्याचा स्पेक्ट्रम आणि आडव्या अक्षाच्या मर्यादा

तंबोरा मोबाइलवर रेकॉर्ड केला, फाइल संगणकावर घेऊन ऑडॅसिटीसारख्या प्रोग्रॅममध्ये उघडली आणि स्पेक्ट्रम काढायला सांगितलं, की पडद्यावर येणारं चित्र पाहून बहुतेकांचा हिरमोड होतो. डाव्या कडेला दाटीवाटीने उभी असलेली काही टोकं आणि त्यांच्या उजवीकडे खाली उतरत गेलेली एक खरखरीत रेषा. षड्ज कुठे, पंचम कुठे, काहीच ओळखू येत नाही.

रेकॉर्डिंगमध्ये सहसा काही बिघडलेलं नसतं. आडव्या अक्षाची दोन टोकं, म्हणजे आलेख कुठून सुरू व्हावा आणि कुठे संपावा हे सांगणारे दोन आकडे, प्रोग्रॅमने स्वतःच्या सोयीने धरलेले असतात. ते दोन आकडे आपल्या हातात घेणं हे सिग्नलच्या अभ्यासातलं पहिलं कौशल्य आहे असं मला मनापासून वाटतं. ते शिकवताना मात्र ‘इथे क्लिक करा, तिथे आकडा टाका’ एवढ्यावरच भागवलं जातं. आकडा टाकल्यावर काय बदललं आणि काय अजिबात बदललं नाही, हे कोणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

स्पेक्ट्रम म्हणजे काय, ते आधी दोन ओळींत. आवाज ही हवेच्या दाबातली चढउतार. त्या चढउतारीत सेकंदाला किती वेळा होणारं आंदोलन किती जोराचं आहे, याची यादी म्हणजे स्पेक्ट्रम. सेकंदाला किती आंदोलनं, तो आकडा म्हणजे वारंवारता आणि तिचं एकक हर्ट्झ. आलेखात वारंवारता आडव्या अक्षावर असते आणि जोर उभ्या अक्षावर, बहुधा डेसिबलमध्ये.

आता तंबोऱ्याचे आकडे मांडू. पुरुष गायकाचा तंबोरा काळी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वराला, लावला आहे असं धरू. मधल्या दोन तारा, म्हणजे जोड, मध्य षड्जाला: १३८.६ हर्ट्झ. खर्जाची तार त्याच्या निम्मी: ६९.३. पहिली तार मंद्र पंचमाला: खर्जाच्या दीडपट, १०३.९५. प्रत्येक तार आपल्या मूळ वारंवारतेसोबत तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा वारंवारताही वाजवते. मूळ वारंवारता हा पहिला अंश, दुप्पट हा दुसरा, तिप्पट हा तिसरा, असं त्यांना म्हणू. एकट्या खर्जाच्या तारेतून ६९.३, १३८.६, २०७.९, २७७.२, ३४६.५ अशी रांग निघते. हजार हर्ट्झपर्यंत तिची चौदा टोकं येतात.

रेकॉर्डिंग नेहमीच्या दराने, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने (मोजमापं) घेऊन केलेलं असेल तर प्रोग्रॅम आडवा अक्ष शून्यापासून २२,०५० हर्ट्झपर्यंत दाखवतो. आलेखाची रुंदी हजार पिक्सेल धरली तर एका पिक्सेलवर २२ हर्ट्झ आले. शून्य ते हजार हर्ट्झ हा तंबोऱ्याचा सगळ्यात अर्थपूर्ण प्रदेश केवळ ४५ पिक्सेलमध्ये कोंबला गेला. डावीकडे दाटी झाली ती यामुळे. डावी मर्यादा ५० आणि उजवी १००० केली, की तेच ४५ पिक्सेल हजार पिक्सेलवर पसरतात आणि सारख्या अंतरावर उभी असलेली टोकं दिसू लागतात.

या चित्रात एक गोष्ट लगेच लक्षात येते. ६९.३ वरचं टोक बऱ्याचदा बुटकं असतं. मोबाइलचा माइक इतका खालचा आवाज नीट पकडत नाही आणि तंबोऱ्यातही मूळ स्वरापेक्षा वरच्या अंशांचा जोर मोठा असतो. तरी कानाला खर्ज स्पष्ट ऐकू येतो, कारण टोकांमधलं अंतर ६९.३ चं असतं आणि मेंदू त्या अंतरावरून मूळ स्वर ताडतो.

दुसरी गोष्ट जास्त सुंदर आहे. तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा असे सम अंश उठायला नकोत, कारण त्या कंपनांत तारेचा मध्यबिंदू स्थिर असतो. तारवाद्यांचा हा पाठ्यपुस्तकी नियम. तंबोरा आणि वीणा तो पाळत नाहीत, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये लिहिलं होतं. घोडीचा रुंद, किंचित बाक असलेला माथा आणि तंबोऱ्यात त्यावर तारेखाली सरकवलेलं सूत यांच्यामुळे तार दर आंदोलनात घोडीला पुन्हा पुन्हा टेकत राहते आणि जे अंश उठायला नकोत तेही उठतात. आपण त्याला जवारी म्हणतो. रामन यांच्याकडे आजच्यासारखी साधनं नव्हती. आज ती टोकं कोणालाही घरी बसून मोजता येतात, फक्त आडवा अक्ष योग्य जागी कापता आला पाहिजे.

उजवं टोक कुठपर्यंत नेता येतं?

प्रोग्रॅममध्ये डाव्या आणि उजव्या मर्यादेची चौकट असेल तर तिच्यात कोणताही आकडा टाइप करता येतो, पण मोजमापाला स्वतःची हद्द असते. आवाज संगणकात शिरतो तो सेकंदाला ठरावीक नमुने घेऊन. त्या दराच्या निम्म्यापर्यंतच्याच वारंवारता त्या नमुन्यांतून निःसंशय ओळखता येतात. ४४,१०० च्या निम्मे २२,०५०. ४८,००० असेल तर २४,०००. जुन्या पद्धतीच्या फोन कॉलचं रेकॉर्डिंग सेकंदाला ८,००० नमुन्यांचं असतं आणि त्यातला आवाज साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झमध्येच पाठवला जातो. तिथे उजवी मर्यादा २०,००० केली तर ४,००० नंतर कोरा कागद दिसेल. तो कोरेपणा बोलणाऱ्याच्या आवाजातला नाही, यंत्रणेचा आहे.

पायथन किंवा ऑक्टेव्ह अशा प्रोग्रॅमिंगच्या भाषांमध्ये स्वतः गणित करणाऱ्यांना इथे आणखी एक धक्का बसतो. नमुन्यांतून स्पेक्ट्रम काढणाऱ्या गणिताचं, म्हणजे फूरिये रूपांतराचं, कच्चं उत्तर शून्यापासून पूर्ण ४४,१०० पर्यंत येतं आणि मधल्या रेषेच्या उजवीकडे डावीकडचंच चित्र उलटं उमटलेलं असतं. नवशिक्यांना वाटतं, ४४,००० च्या आसपास काहीतरी वाजतंय. तसं काही नसतं. साध्या, म्हणजे वास्तव संख्यांच्या सिग्नलचा तो उजवा अर्धा भाग पुनरुक्ती असतो आणि उजवी मर्यादा नमुना दराच्या निम्म्यावर ठेवली की तो दिसेनासा होतो. प्रोग्रॅमला नमुना दर सांगितलाच नसेल तर अक्षावर हर्ट्झ येतच नाहीत. कुठे नमुन्यांचे क्रमांक येतात, कुठे शून्य ते एक असा अक्ष येतो, ज्यात एक म्हणजे नमुना दराचा अर्धा. अशा अक्षावर ‘५० ते १०००’ अशी मर्यादा टाकून रिकामा आलेख पाहत बसणारे अनेक आहेत. मर्यादा टाकण्याआधी अक्षाखाली कोणतं एकक लिहिलंय ते वाचावं. किलोहर्ट्झ असेल तर हजारच्या जागी एक लिहायचं असतं.

मोठं केलं म्हणजे बारीक दिसतं का?

या विषयात सगळ्यात जास्त गैरसमज इथे होतो, म्हणून जरा थांबू.

खर्जाच्या तारेतून निघणारा पाचवा अंश ३४६.५ हर्ट्झचा. तो तार सप्तकातला शुद्ध गंधार. तंबोरा चांगला लागला की हा गंधार कोणी न छेडता ऐकू येतो, गाणारे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. साथीच्या हार्मोनियमवर काळी एकला षड्ज धरला आणि पेटी आजच्या समान विभागणीने, म्हणजे सप्तकाचे बारा सारखे भाग करून, लावलेली असली, तर तोच गंधार ३४९.२ हर्ट्झला येतो. फरक २.७ हर्ट्झ. एवढ्यावरून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले. आता समजा, तंबोरा आणि पेटी एकत्र वाजतानाचं रेकॉर्डिंग आहे आणि हे दोन गंधार वेगळे दाखवायचे आहेत. सहज सुचणारा उपाय म्हणजे डावी मर्यादा ३३०, उजवी ३६०. ३० हर्ट्झचा तुकडा पडदाभर पसरला की दोन टोकं दिसलीच पाहिजेत.

दिसतील किंवा दिसणार नाहीत. ते मर्यादेवर ठरत नाही. ते ठरतं गणित करताना एका वेळी किती नमुने घेतले यावर. ऑडॅसिटीच्या स्पेक्ट्रमच्या खिडकीत ‘साइझ’ नावाचा आकडा असतो, तो हाच. साइझ ४०९६ असेल तर शेजारच्या दोन बिंदूंमधलं अंतर ४४,१०० भागिले ४०९६, म्हणजे १०.८ हर्ट्झ. ३३० ते ३६० च्या पट्ट्यात असे जेमतेम तीन बिंदू पडतात. पडद्यावर एक गुळगुळीत टेकडी दिसेल, पण ती तीन बिंदूंना जोडणारी रेषा आहे. तिच्यात दोन गंधार शोधण्यात अर्थ नाही. साइझ ६५,५३६ केला तर बिंदूंमधलं अंतर ०.६७ हर्ट्झ होतं, त्याच पट्ट्यात साधारण ४५ बिंदू पडतात आणि ३४६.५ व ३४९.२ ही दोन वेगळी टोकं उभी राहतात. आडव्या मर्यादा दोन्ही वेळा त्याच होत्या.

हेच वेळेच्या भाषेत सांगितलं तर जास्त पक्कं बसतं. ४०९६ नमुने म्हणजे ०.०९ सेकंद. ६५,५३६ नमुने म्हणजे दीड सेकंद. दोन स्वर २.७ हर्ट्झने वेगळे आहेत याचा अर्थ ते सेकंदाला जवळपास पावणेतीन वेळा एकमेकांच्या पुढेमागे जातात. ०.०९ सेकंदात त्यांना पुढेमागे जायला वेळच मिळत नाही, मग फरक कळणार कुठून? जितका बारीक फरक पाहायचा, तितका जास्त वेळ ऐकावं लागतं. तंबोरा लावणारा माणूस पंचम आणि खर्ज जुळलेत का हे पाहताना तार छेडून वाट बघतो, आवाजातली लाट किती हळू होतेय ते ऐकतो, तेही याच कारणाने. पंचम अर्ध्या हर्ट्झने उतरलेला असला तर त्याचा दुसरा अंश २०६.९ ला आणि खर्जाचा तिसरा अंश २०७.९ ला येतो आणि दोघांची लाट सेकंदाला एकदा येते. ती ओळखायला दोनतीन सेकंद ऐकावंच लागतं, कानालाही आणि संगणकालाही. अर्ध्या सेकंदाच्या रेकॉर्डिंगमध्ये २०० ते २१६ ची कितीही नेमकी मर्यादा टाका, हा फरक त्यात नाहीच.

ऑडॅसिटी निवडलेल्या भागाचे साइझएवढे तुकडे करून त्यांची सरासरी दाखवतं. त्यामुळे नुसता मोठा भाग निवडून बारकावा वाढत नाही, साइझ वाढवावा लागतो, आणि निवडलेला भाग निदान तेवढा लांब असावा लागतो. काही प्रोग्रॅम लहान तुकड्याच्या मागे शून्यं जोडून गणित करतात. त्याने रेषा सुरेख गुळगुळीत होते, बिंदू वाढतात, पण जवळचे दोन स्वर वेगळे होत नाहीत. गुळगुळीत रेषेवर लगेच विश्वास ठेवू नये, असं मी म्हणेन.

याची उलट बाजूही आहे. मोठा साइझ घेऊन पूर्ण अक्ष पाहिला तर ३२,७६८ बिंदू हजार पिक्सेलमध्ये बसवावे लागतात, एका पिक्सेलमध्ये ३३. त्यातला कोणता दाखवायचा हे प्रोग्रॅम ठरवतो. कुणी सगळ्यात उंच घेतो, कुणी वरपासून खालपर्यंत उभी रेघ मारतो, कुणी मधले गाळतो. त्यामुळे पूर्ण आलेखात एखादं अरुंद टोक बुटकं दिसतं किंवा दिसतच नाही आणि मर्यादा आवळल्यावर अचानक प्रकटतं. ते आधीपासून मोजलेलं होतं, पडद्यावर त्याला जागा नव्हती. म्हणजे मर्यादा आवळून मोजलेलं पण लपलेलं दिसतं. न मोजलेलं काही दिसत नाही.

काढून टाकणं आणि न दाखवणं

घरी केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये विजेची गुणगुण हमखास असते. आपल्याकडे वीजपुरवठा ५० हर्ट्झचा, म्हणून ५०, १००, १५० ला अरुंद टोकं दिसतात. अमेरिकेत ती ६० च्या पटीत असतात. काळी एकच्या तंबोऱ्यात पंचमाची तार १०३.९५ ला. गुणगुणीचं १०० हर्ट्झचं टोक तिच्यापासून फक्त चार हर्ट्झ दूर. साइझ १०२४ असेल तर बिंदूंमधलं अंतर ४३ हर्ट्झ, आणि तेव्हा गुणगुण, पंचम आणि खर्ज तिन्ही एकाच ढिगात मिसळतात. कोणी त्या ढिगाचा माथा वाचून ‘पंचम उतरलाय’ असा निष्कर्ष काढला तर बिचाऱ्या तंबोऱ्यावर अन्याय होतो.

अशा वेळी काही जण डावी मर्यादा १०२ करतात. ५० आणि १०० ची टोकं चित्रातून जातात आणि वाटतं, गुणगुण गेली. मग फाइल ऐकली तर गुणगुण तशीच. मर्यादा म्हणजे चाळणी नव्हे. आवाजातून काही काढून टाकायचं तर फिल्टर लावावा लागतो, तो नमुन्यांचे आकडेच बदलतो. मर्यादा नमुन्यांना हात लावत नाही. हा फरक दुसऱ्याला चित्र दाखवताना फार महत्त्वाचा ठरतो, कारण चित्र पाहणाऱ्याला दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात.

सारखं अंतर की सारखी सप्तकं?

मर्यादा ठरवताना अक्षाचा प्रकारही ठरवावा लागतो. साध्या अक्षावर दर शंभर हर्ट्झला सारखी जागा मिळते. लॉगॅरिथमिक अक्षावर दर दुपटीला सारखी जागा मिळते, म्हणजेच प्रत्येक सप्तकाला सारखी. पेटीची पट्टी आठवा: मंद्र, मध्य, तार, तिन्ही सप्तकं सारख्याच लांबीची, जरी मंद्र सप्तकात शेसव्वाशे हर्ट्झच मावत असले आणि तार सप्तकात त्याच्या चौपट. लॉग अक्ष तसाच असतो.

माणसाच्या कानाची २० ते २०,००० हर्ट्झची मजल जवळपास दहा सप्तकांची. साध्या अक्षावर त्यातली पहिली पाच सप्तकं, २० ते ६४० हर्ट्झ, रुंदीच्या तीन टक्क्यांत संपतात. लॉग अक्षावर ती अर्धी रुंदी घेतात. म्हणून खोलीचा घुमारा, स्पीकरची चाचणी, खालच्या स्वरांचा समतोल असलं काही पाहायचं असेल तर लॉग अक्ष. तंबोऱ्याचे अंश मोजायचे असतील तर मात्र साधा अक्ष, कारण तिथे ते सारख्या अंतरावर उभे राहतात आणि एखादा जागेवरून हलला असेल तर डोळ्याला लगेच खटकतो. लॉग अक्षावर तेच अंश उजवीकडे एकमेकांच्या जवळ जवळ येत जातात.

तबल्यालाही हेच लागू. साध्या गोल पडद्याच्या कंपनांचं गुणोत्तर १, १.५९, २.१४, २.३० असं अडनिडं असतं, म्हणून बहुतेक ढोलांना नेमका स्वर नसतो. शाईच्या थरामुळे आपल्या चामडी वाद्यांत हे अंश १, २, ३, ४, ५ असे ओळीत येतात, हे रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं. साध्या अक्षावर दायाचा स्पेक्ट्रम पाहिला की ही शिस्त नजरेनेच कळते.

लॉग अक्षाला शून्य नसतो, हे विसरू नये. डावी मर्यादा शून्य टाकली तर कुठे प्रोग्रॅम चूक दाखवतो, कुठे मुकाट्याने दुसराच आकडा धरतो. २० किंवा १० टाकावा.

कुठे काय सापडतं

ऑडॅसिटीत स्पेक्ट्रमच्या खिडकीत साधा की लॉग एवढाच पर्याय मिळतो, आडव्या मर्यादा टाकायची चौकट नसते. खिडकी ताणून मोठी करता येते, नाहीतर आकडे मजकूर फाइलमध्ये बाहेर काढून स्प्रेडशीटमध्ये आलेख काढावा आणि तिथल्या आडव्या अक्षाला किमान-कमाल द्यावा. मी हाच मार्ग सुचवेन, कारण त्यात आकडे डोळ्यांसमोर राहतात. त्याच प्रोग्रॅममध्ये स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे वेळेनुसार बदलत जाणाऱ्या स्पेक्ट्रमचं चित्र, पाहिला तर वारंवारता उभ्या अक्षावर जाते आणि आडवा अक्ष वेळेचा होतो. मर्यादांच्या शोधात असलेल्यांचा इथे गोंधळ उडतो.

खोल्यांचा आवाज मोजणाऱ्या रूम ईक्यू विझार्डमध्ये आलेखाच्या वर ‘लिमिट्स’ बटण आहे. त्यात डावं, उजवं, वर, खाली असे चार आकडे थेट टाकता येतात. इतकी सरळ सोय सगळीकडे असती तर किती बरं झालं असतं. ऑक्टेव्ह, मॅटलॅबमध्ये आलेख काढल्यावर ‘एक्सलिम’ ही आज्ञा देऊन दोन आकडे सांगायचे. क्रम महत्त्वाचा: आधी आलेख, मग मर्यादा, कारण त्याच जागी नवा आलेख काढला की मर्यादा पुन्हा आपोआप ठरतात. पायथनच्या मॅटप्लॉटलिबमध्ये उलट घडतं. तिथे मर्यादा एकदा दिली की ती चिकटून राहते, आणि नंतर जोडलेला नवा डेटा तिच्या बाहेर असेल तर तो दिसतच नाही. ‘माझा डेटा गेला कुठे’ या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं.

बोलण्याच्या अभ्यासासाठी वापरलं जाणारं प्राट स्पेक्ट्रोग्राम मुळात ५,००० हर्ट्झपर्यंतच दाखवतं. स्वर पाहायला ते पुरेसं आहे. मराठीतल्या ‘चार’ आणि ‘चारा’ यांतले दोन च मात्र त्यात नीट वेगळे दिसत नाहीत. ‘चारा’तल्या दंत्य च च्या घर्षणाचा बराच जोर ५,००० च्या वर असतो, ‘चार’मधल्या तालव्य च चा त्याच्या खाली सुरू होतो. मराठी उच्चारांवर काम करणाऱ्याने ही वरची मर्यादा निदान १०,००० पर्यंत न्यावी. त्यासाठी रेकॉर्डिंग अर्थातच सेकंदाला २०,००० पेक्षा जास्त नमुन्यांचं हवं.

आणि एक धोक्याची जागा. ऑडॅसिटीत वेळेच्या अक्षावर झूम केलं तरी स्पेक्ट्रम निवडलेल्या भागाचाच निघतो. मॅटलॅबच्या सिग्नल ॲनालायझर ॲपमध्ये वेळेच्या आलेखावर झूम केलं, की शेजारचा स्पेक्ट्रम दिसणाऱ्या तुकड्यावरून नव्याने काढला जातो. तिथे वेळेची मर्यादा आवळणं म्हणजे थेट मोजमाप बदलणं: तुकडा लहान झाला, बारकावा घटला. माउसची हालचाल तीच, परिणाम वेगळा. नवा प्रोग्रॅम हातात घेतला की झूम करून शेजारच्या आलेखातले आकडे हलतात का, हे आधी तपासावं.

वेळेचा अक्ष

लाटेचा आलेख पाहताना आडवा अक्ष सेकंदांचा. दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग हजार पिक्सेलवर मांडलं तर एका पिक्सेलवर ०.६ सेकंद येतो. खर्जाचं एक आंदोलन १४.४ मिलिसेकंदांचं. ते पाहायचं तर मर्यादा ५० मिलिसेकंदांपर्यंत आवळावी लागते, मग साडेतीन आंदोलनं दिसतात. किती वेळ दाखवायचा हे काय पाहायचं त्यावर ठरतं.

वैद्यकात हा निर्णय सर्वांसाठी एकदाच घेऊन ठेवला आहे. ईसीजीचा कागद साधारणपणे सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, लहान चौकोन ०.०४ सेकंदाचा. ही पट्टी ठरलेली असल्यामुळे डॉक्टरांची नजर तयार होते. वेग ५० केला तर तेच ठोके दुप्पट लांब दिसतात, म्हणून कागदावर वेग छापलेला असतो.

१४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगोच्या दोन वेधशाळांनी टिपलेल्या गुरुत्वीय लहरीचं प्रसिद्ध चित्र आठवून पाहा. त्याच्या आडव्या अक्षावर सुमारे ०.२ सेकंदच आहे. तेवढ्यात लहरीची वारंवारता ३५ पासून २५० हर्ट्झपर्यंत चढली. अक्ष एक तासाचा ठेवला असता तर ती एका पिक्सेलच्या आतच हरवून गेली असती. शिवाय चित्र काढण्याआधी आकड्यांवर ३५ ते ३५० हर्ट्झचा फिल्टर लावला होता, आणि शोधनिबंधाने ते चित्राखालीच लिहिलं. किती दाखवलं आणि काय काढून टाकलं, दोन्ही उघड. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहणारी लायगो-इंडिया चालू होईल तेव्हा असेच आलेख मराठी मुलांच्या वह्यांमध्येही येतील, ही मला फार आनंदाची गोष्ट वाटते.

तुलना करायची असेल तर दोन्ही आलेखांना एकाच मर्यादा हव्यात. मिरजेच्या कारागिराने जवारी काढण्याआधीचं आणि नंतरचं रेकॉर्डिंग शेजारी ठेवायचं असेल तर आडवा अक्ष दोन्हीकडे शून्य ते ५,०००, साइझ तोच, माइक तितकाच दूर. उभा अक्षही बांधून ठेवावा, कारण काही प्रोग्रॅम आडवी मर्यादा बदलली की दिसणाऱ्या भागापुरती उभी पट्टी आपोआप ताणतात, आणि मग रिकाम्या पट्ट्यातली खरखरही डोंगराएवढी दिसते. जवारीचा फरक बहुतेक करून हजार ते तीनचार हजार हर्ट्झच्या मधल्या टोकांत शोधावा लागतो. हे चित्र कोणाला पाठवताना खाली एक ओळ लिहावी: नमुना दर किती, साइझ किती, अक्ष साधा की लॉग, मर्यादा कुठून कुठपर्यंत, फिल्टर लावला का. आणि शक्य असेल तर चित्रासोबत मूळ, न दाबलेली डब्ल्यूएव्ही फाइलही पाठवावी. मेसेजवरून पाठवताना आकार लहान करण्यासाठी दाबलेल्या (कॉम्प्रेस केलेल्या) फाइलमध्ये वरचे अंश बरेचदा आधीच छाटलेले असतात.